सम्राट बाविसाव्या शर्यतीपर्यंत गप्प होता

रविवार, १८ जानेवारी ५३२. त्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, रथशर्यतींच्या मैदानात तीस हजारांहून जास्त माणसं मरून पडली होती. हा आकडा प्रोकोपियसचा. तो सेनापती बेलिसॅरियसचा चिटणीस होता. त्याच काळातला दुसरा बखरकार मलालस पस्तीस हजार सांगतो. जुन्या लेखकांचा हात आकड्यांच्या बाबतीत सढळ असतो हे धरूनही अंगावर काटा येतो, कारण मारणारं सैन्य परक्याचं नव्हतं. राजधानीतली रयत तिच्याच सम्राटाच्या हुकमावरून कापली गेली.

‘शर्यतीच्या वेडापायी लोक माजले आणि दंगल उसळली’ असं याचं एका वाक्यातलं वर्णन अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, आणि दर वेळी ते मला खुपतं. ही दंगल दयेच्या अर्जातून सुरू झाली. अर्ज फेटाळला असता तरी एक वेळ गोष्ट निराळी होती. त्याला उत्तरच मिळालं नाही. त्या आठ दिवसांत थांबायच्या जागा किती होत्या आणि त्या एकेक करून कशा हुकल्या, हे क्रमानं पाहिलं पाहिजे.

आठ दिवस आधी: शनिवार, १० जानेवारी

गोल्डन हॉर्नच्या खाडीपलीकडे सायके नावाची वस्ती आहे. नगरप्रमुख युडेमननं आधीच्या एका मारामारीतल्या खुनांबद्दल सात जणांना दोषी ठरवलं आहे. चौघांचा शिरच्छेद आणि तिघांना फाशी, अशी शिक्षा आहे. ऐन वेळी फाशीचा सांगाडा मोडतो. दोघं जमिनीवर पडतात, जिवंत. जल्लाद त्यांना पुन्हा लटकवतो आणि ते पुन्हा पडतात. जमलेली माणसं एकच गलका करतात की यांना आता देवाच्या दारी न्या. शेजारच्या सेंट कोनॉनच्या मठातले साधू धावत येतात, दोघांना होडीत घालतात आणि पाणी ओलांडून सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये आश्रयाला नेऊन ठेवतात. युडेमन चर्चभोवती पहारा बसवतो.

त्या दोघांतला एक निळ्यांचा आहे आणि दुसरा हिरव्यांचा. एकाच रंगाचे दोघं वाचले असते तर पुढचा आठवडा कदाचित घडलाच नसता.

जरा थांबून: हे निळे-हिरवे कोण?

रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये शर्यतींचे चार रंग होते: तांबडा, पांढरा, निळा, हिरवा. रंग म्हणजे अख्खी संस्था. घोडे, तबेले, रथ, सारथी, मोतद्दार, घोड्यांचे वैद्य आणि मागे हजारो चाहते. मैदानाच्या मधोमध लांबलचक कणा असे आणि त्याभोवती सात फेरे घ्यायचे. फेरे मोजायला लाकडी अंडी आणि डॉल्फिन मासे उंचावर लावलेले असत. फेऱ्यागणिक एकेक हलवायचं. सारथ्याचं लगाम नुसता हातात धरून भागत नसे, म्हणून तो कमरेला गुंडाळून घेई. वळणावर रथ उलटला तर घोडे त्याला फरफटत नेत, म्हणून पट्ट्यात सुरी असे. लगाम कापायला सवड मिळाली तर माणूस वाचायचा. विरोधी रंगाचा सारथी वळणावरच पडावा म्हणून शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरून ते थडग्यांत पुरायची पद्धत होती. असे पत्रे आजही उत्खननात सापडतात.

सारथ्यांत गुलाम आणि गुलामीतून सुटलेले यांचा भरणा होता. धंदा हलका मानला जाई, पण धंदा करणाऱ्यावर शहर जीव टाकत असे. दुसऱ्या शतकातल्या गायस अप्युलियस डायोक्लीसचा शिलालेख उपलब्ध आहे. चोवीस वर्षांत ४,२५७ शर्यती, त्यांतल्या १,४६२ जिंकल्या आणि बक्षिसं साडेतीन कोटी सेस्टर्सहून जास्त. बेचाळिसाव्या वर्षी तो धडधाकट निवृत्त झाला. त्या धंद्यात हीच मोठी मिळकत.

त्या रोमशी आपला संबंध अगदीच नव्हता असं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत मराठवाड्यातली पैठण आणि तेर ही दोन्ही नावं आहेत. पैठणहून पट्टेदार मौल्यवान दगड आणि तेरहून मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. सर्कस मॅक्सिमसच्या पुढच्या रांगांत बसणाऱ्यांच्या अंगठीत गोदाकाठचा खडा असणं मुळीच अशक्य नव्हतं. आणि आपण ज्या जानेवारीची गोष्ट वाचतो आहोत ती सहाव्या शतकातली. औरंगाबादची बरीचशी लेणी आणि वेरूळची पहिली लेणी कोरली गेली ते हेच शतक.

शंकरपट पाहिलेल्या माणसाला रंगाचं वेड समजावून सांगावं लागत नाही. हलका छकडा, दोन बैल, धुरकरी, काही सेकंदांची धाव आणि त्या काही सेकंदांसाठी उन्हात उभी असलेली गावंच्या गावं. जोडी जिंकली की मालकाचं आख्खं गाव गुलालात न्हाऊन निघतं. साम्य इथवरच आहे. पटावर आलेला शेतकरी तिथे सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायला येत नाही, त्यासाठी त्याला दुसऱ्या जागा आहेत. बैलगाडा शर्यतीचं प्रकरणच पाहा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली, २०१७ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. नऊ वर्षं भांडण चाललं ते कोर्टात, विधानभवनात आणि मोर्च्यांत. दोन्ही बाजूंची माणसं तळमळीनं बोलत होती आणि त्यांचं ऐकून घेणारं कुणीतरी समोर होतं.

कॉन्स्टँटिनोपलच्या माणसाकडे यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे हिप्पोड्रोम, म्हणजे रथशर्यतींचं मैदान, होतं. सम्राटाचा सज्जा थेट राजवाड्याला जोडलेला. शर्यतीच्या दिवशी सम्राट तिथे बसे, आणि वर्षातून मोजक्याच वेळा सामान्य माणसाला राज्यकर्त्याचा चेहरा दिसे. रोमचेच रंग इथेही होते. निळ्यांचे आणि हिरव्यांचे पुढारी घोषणा सांगत, हजारो गळे त्या एका सुरात म्हणत. करवाढ, महागाई, कुणा अधिकाऱ्याचा जुलूम, सगळं तिथेच मांडलं जाई. सम्राट निवेदकाच्या तोंडून उत्तर देई. कधी मान्य, कधी अमान्य, कधी दमदाटी, पण उत्तर देई. वीस वर्षांपूर्वी, ५१२ मध्ये, सम्राट अनास्टेशियस संतापलेल्या लोकांसमोर डोक्यावर मुकुट न घेता या सज्जात उभा राहिला होता आणि तुम्हाला नको असेन तर पायउतार होतो म्हणाला होता. लोक निवळले होते.

पाच दिवस आधी: मंगळवार, १३ जानेवारी, सकाळ

आज शर्यती आहेत. सम्राट जस्टिनियन सज्जात येऊन बसतो. गादीवर येऊन त्याला पाच वर्षंही झालेली नाहीत. तो निळ्यांचा पाठीराखा म्हणून ओळखला जातो. अलीकडे मात्र दोन्ही रंगांवर सारखाच बडगा आहे. शिवाय वसुलीप्रमुख, कॅपॅडोशियाचा जॉन, याच्या करांनी खेड्यापाड्यांतली माणसं उठून राजधानीत आली आहेत.

पहिल्या शर्यतीपासून मागणी सुरू होते. त्या दोघांना माफी द्या. देवानं दोनदा सोडवलं, आता तुम्ही सोडा. सज्जातून उत्तर नाही. दुसरी शर्यत, तिसरी, दहावी. दिवसभरात चोवीस शर्यती व्हायच्या आहेत आणि प्रत्येकीनंतर तीच विनवणी होते. बाविसावी शर्यत होते. सज्जा अजून गप्पच.

माझ्या मते आठवड्याचा निकाल इथे लागला. नंतर जे जळलं आणि जे मेले, ते सगळं या बावीस वेळच्या गप्प बसण्यामागून आलं. जस्टिनियननं त्या दिवशी ‘नाही’ म्हटलं असतं तरी निळे आणि हिरवे आपापल्या माणसासाठी वेगवेगळे रडले असते. त्याच्या मौनानं त्यांना एकत्र बसवलं.

बाविसाव्या शर्यतीनंतर घोषणा बदलते. एकमेकांची डोकी फोडणारे दोन्ही रंग एकत्र येऊन एकमेकांच्या नावानं जयजयकार करतात. सम्राटाचं नाव त्यात नाही.

मंगळवार, संध्याकाळ

जमाव मैदानातून बाहेर पडतो. परवलीचा शब्द ठरलेला आहे: ‘नीका’, म्हणजे जिंक. सारथ्याला ओरडून सांगायचा हा रोजचाच शब्द, त्यावरूनच पुढे या दंगलीला नाव पडलं. लोक नगरप्रमुखाच्या कचेरीवर जातात आणि चर्चमधल्या दोघांचं काय करणार असं विचारतात. आतून जबाब नाही. दिवसभरात दुसऱ्यांदा तेच. मग कचेरी पेटते आणि तुरुंगाचे दरवाजे फुटतात.

चार दिवस आधी: बुधवार, १४ जानेवारी

सकाळी जस्टिनियन पुन्हा शर्यतींचं निशाण चढवायला सांगतो. धावत्या घोड्यांकडे पाहून माणसं विसरतील असा हिशेब असावा. लोक मैदानातल्याच बाकांना आग लावतात.

आता मागण्या मोठ्या झाल्या आहेत. जॉनला काढा, कायदेमंत्री ट्रिबोनियनला काढा, युडेमनला काढा. सम्राटाचे अधिकारी बाहेर येऊन हे ऐकतात आणि जस्टिनियन तिघांनाही त्याच दिवशी काढून टाकतो. मंगळवारी दोन जिवांची माफी द्यायला जो तयार नव्हता, त्यानं बुधवारी तीन मंत्री देऊन टाकले. पण आता त्याच्या देण्याला किंमत उरलेली नाही. पाठोपाठ तो बेलिसॅरियसला गॉथ सैनिक घेऊन जमावावर सोडतो. संध्याकाळपर्यंत रस्त्यांवर मारामारी होते, निष्पन्न काहीच होत नाही. आधी मान तुकवली आणि लगेच तलवार काढली, त्यामुळे दोन्ही वाया गेलं.

बेलिसॅरियस त्या वेळी राजधानीत होता हा योगच. इराणच्या सरहद्दीवरून त्याला नुकतंच परत बोलावलेलं होतं. इलिरियाचा सेनापती मुंडस हाही असाच कामासाठी येऊन शहरात अडकलेला. राजवाड्याचे नेहमीचे पहारेकरी मात्र कुंपणावर बसले आहेत. कोण जिंकतो ते पाहून ठरवू, असा त्यांचा रंग आहे.

गुरुवार आणि शुक्रवार

या दोन दिवसांतल्या आगींचा क्रम बखरकारांत मागेपुढे आहे, म्हणून एकत्र सांगतो. राजवाड्याचं मुख्य द्वार, ज्याला काल्की म्हणत, ते जळलं. सिनेटची इमारत जळली. झ्यूक्सिपसचं स्नानगृह पुतळ्यांसकट गेलं. हागिया सोफिया जळून कोसळलं. आज दिसतं ते नव्हे, त्याच्या आधीचं. सेंट आयरीनचं चर्च गेलं. सॅम्सनची धर्मशाळा, म्हणजे त्या शहरातलं गरिबांचं इस्पितळ, आतल्या रुग्णांसह पेटलं. त्या रुग्णांनी कुणाचा रंग घेतला होता? लोकांच्या बाजूनं लिहितानाही हे झाकून ठेवता येत नाही.

गुरुवारी जमाव प्रोबसच्या घराकडे वळतो. प्रोबस हा जुन्या सम्राटाचा, अनास्टेशियसचा पुतण्या. याला गादीवर बसवू, असा लोकांचा बेत. प्रोबस आधीच पसार झालेला. रिकामं घर पाहून लोक तेही पेटवतात. मागणी आता मंत्र्यांची राहिलेली नाही, ती गादीची झाली आहे.

एक दिवस आधी: शनिवार, १७ जानेवारी

थ्रेसमधून कुमक येते. गल्लीबोळांत लढाई होते, घरांच्या छपरांवरून बायका कौलं आणि दगड फेकतात. सैनिक एक इमारत मोकळी करण्यासाठी तिला आग लावतात आणि तो वणवा आणखी पसरतो.

रात्री राजवाड्यात जस्टिनियन आपल्या आसऱ्याला असलेल्या सिनेटरांना आपापल्या घरी जायला सांगतो. त्यांत अनास्टेशियसचे दुसरे दोन पुतणे आहेत: हिपेशियस आणि पॉम्पेयस. दोघं गयावया करतात. आम्हाला बाहेर पाठवू नका, लोक आम्हाला धरतील. सम्राटाला त्यांच्यावर संशय आहे. तो ऐकत नाही. बंडाला राजा नव्हता, तो राजवाड्यातूनच बाहेर पाठवला गेला.

शेवटचा दिवस: रविवार, १८ जानेवारी, सकाळ

जस्टिनियन हातात बायबल घेऊन सज्जात येतो. वीस वर्षांपूर्वी अनास्टेशियसनं केलं ते तो करू पाहतो. शपथ घेऊन सांगतो की सर्वांना माफी, चूक तुमची नाही, माझी आहे, तुम्ही मागितलंत ते मी दिलं नाही. खाली काही जण जयजयकार करतात. बाकीचे त्याला खोटारडा म्हणतात, शिव्या देतात. मंगळवारी बाविसाव्या शर्यतीआधी हेच शब्द उच्चारले असते तर मैदान आनंदानं नाचलं असतं. आता तो आत परततो.

रविवार, दिवस वर येताना

रात्री राजवाड्यातून घालवलेला हिपेशियस आपल्या घरी असल्याचं लोकांना कळतं. ते त्याला ओढत नेतात. बायको मेरी त्याला घट्ट धरते, रडते, ओरडून सांगते की हे माझ्या नवऱ्याला मरणाकडे नेत आहेत. तिला बाजूला सारतात. कॉन्स्टंटाईन चौकात मुकुट नाही म्हणून सोन्याचा गोफ त्याच्या डोक्यावर ठेवला जातो. ओरिजेन नावाचा सिनेटर घाई करू नका म्हणतो. राजवाड्यावर आज चाल करू नका, थांबलात तर जस्टिनियन आपण होऊन पळेल. त्याचं कुणी ऐकत नाही. जमाव हिपेशियसला हिप्पोड्रोममध्ये आणून सम्राटाच्या सज्जात बसवतो. हजारो माणसं मैदानात शिरतात, रांगांवर चढतात, खाली मातीत उभी राहतात.

हिपेशियस गुपचूप एक माणूस राजवाड्याकडे पाठवतो: मी तुमच्या सगळ्या शत्रूंना एका जागी जमवून ठेवलं आहे, आता हवं ते करा. निरोप्याला वाटेत एक दरबारी भेटतो. तो म्हणतो, सम्राट तर पळाले. निरोप्या परत फिरतो. हिपेशियस ते खरं मानतो आणि मग मात्र सज्जात ऐटीत बसतो.

रविवार, दुपार

सम्राट पळालेला नाही, पण पळण्याच्या बेतात आहे. राजवाड्याच्या धक्क्याला गलबतं तयार आहेत. सल्लागार जमले आहेत. तिथे सम्राज्ञी थिओडोरा बोलायला उठते.

तिचं बालपण याच मैदानात गेलेलं. बाप अकॅशियस हिरव्यांकडे अस्वलं सांभाळायचा. तो वारला तेव्हा आईनं दुसरं लग्न केलं आणि नव्या नवऱ्याला तीच नोकरी मिळावी म्हणून तिन्ही लहान मुलींच्या डोक्यावर फुलांच्या माळा घालून त्यांना भर मैदानात हात जोडून उभं केलं. हिरव्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. निळ्यांकडची तशीच जागा योगायोगानं रिकामी होती, त्यांनी ती दिली. मैदानात विनवणी करून उत्तराची वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या दरबारात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिनंच त्या दुपारी पाऊल मागे घेऊ नका असं सांगितलं. पळून जाऊन जीव वाचेल, पण नंतर मेलो असतो तर बरं असं वाटेल. राज्य गमावून जगण्यापेक्षा सम्राट म्हणून मेलेलं बरं. तिच्या धैर्याबद्दल शतकानुशतकं लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या भाषणापुढे नुसतं कौतुक करून थांबता येत नाही, कारण त्याची किंमत मोजणारी माणसं मैदानात उभी होती.

नार्सेस हा दरबारी पैशांच्या थैल्या घेऊन निळ्यांच्या पुढाऱ्यांत मिसळतो. हिपेशियस कुणाचा? हिरव्यांचा. जस्टिनियन कुणाचा? तुमचा. पाच दिवस टिकलेली एकी त्या थैल्यांपुढे विरघळते. काही निळे मैदानातून निघू लागतात.

रविवार, दिवस कलताना

बेलिसॅरियस आधी राजवाड्याच्या आतूनच सज्जाच्या दारावर जातो. दारामागचे पहारेकरी दार उघडत नाहीत. तो परतून सांगतो, सगळं संपलं. जस्टिनियन त्याला काल्कीच्या बाजूनं जायला सांगतो. जळक्या तुळया आणि अर्धवट पडलेल्या भिंती यांतून वाट काढत तो माणसं घेऊन निळ्यांच्या बाजूच्या ओवरीत निघतो. तिथून सज्जाकडे जायचं दार लहान आहे आणि त्याच्या मागे हिपेशियसचे लोक. अरुंद जागेत कोंडी होईल. तो मैदानाकडे पाहतो. चिलखत नसलेली, रांगा नसलेली, एकमेकांना खेटून उभी असलेली माणसं. तो तलवार उपसतो आणि आरोळी देऊन आत घुसतो.

पलीकडे मुंडस आपले हेरुली सैनिक घेऊन थांबलेला आहे. आरोळी ऐकून तो ‘मृतांचं दार’ नावाच्या दारातून आत येतो. आता दोन्हीकडून सैन्य आहे आणि मध्ये माणसं. निळा-हिरवा पाहिला जात नाही. शहरातला की गावाकडून आलेला, हेही पाहिलं जात नाही. हिपेशियसला सम्राटाचे दोन भाऊबंद सज्जातून खाली ओढतात. अंधार पडेपर्यंत कत्तल चालते.

त्यानंतर

सोमवारी, १९ जानेवारीला, हिपेशियस आणि पॉम्पेयस यांना मारून प्रेतं समुद्रात टाकली. सम्राटानं गावोगावी विजयाची पत्रं धाडली. शर्यती बराच काळ बंद राहिल्या. २३ फेब्रुवारीला जळक्या जागेवर नव्या हागिया सोफियाचं काम सुरू झालं आणि २७ डिसेंबर ५३७ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. ज्यांना लोकांच्या मागणीवरून काढलं होतं ते जॉन आणि ट्रिबोनियन दोघंही पुन्हा दरबारात आले. जॉनला तर त्याच वर्षी आपली जुनी खुर्ची मिळाली आणि तो पुढची नऊ वर्षं कर वसूल करत राहिला.

५३४ मध्ये बेलिसॅरियस उत्तर आफ्रिका जिंकून परतला. त्याची विजययात्रा याच हिप्पोड्रोममध्ये संपली. हरलेल्या व्हँडल राजाला सज्जाखाली जमिनीवर पालथं पडून जस्टिनियनला वंदन करावं लागलं. रांगा भरलेल्या होत्या. पुढे शर्यतीही सुरू झाल्या, आणि पुढच्या दशकात निळे आणि हिरवे पुन्हा एकमेकांवर दगड फेकू लागले.